नव्या डब्यातली घट

पावडर पुन्हा कमी भरली. मी काटा शून्यावर आणला, डबा उचलून परत ठेवला, चष्मा पुसून पाहिलं. आकडा तोच. विमलबाई समोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मॅडम, काटा खराब झाला असन," त्या म्हणाल्या.

"काटा माझ्या लॅबचा आहे."

"मंग लॅब खराब झाली असन."

मी आकडा वहीत लिहिला. सलग तिसऱ्या शनिवारी हाच प्रकार चालला होता आणि नोटिशीची मुदत संपायला आठवडाच उरला होता.

तेव्हा मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. राहायला जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये, कारण आमच्या ह्यांची नोकरी तिथं. दर शनिवारी कॉलेज सुटलं की काटा पिशवीत घालून मी करडीच्या पुढच्या एका गावात जायची. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून माझ्याशी चांगली बोलतात, ते तसंच राहू द्यावं.

त्या गावात कोष्ट्यांच्या आठ घरांनी मिळून कोसा रंगवायची एक शेड चालवली होती. कोसा म्हणजे आपलं जंगलातलं रेशीम. विमलबाई त्या शेडच्या प्रमुख. सूत रंगवून झालं की उरलेलं रंगाचं पाणी एका सिमेंटच्या हौदात साठायचं आणि तिथून नालीने मागच्या बोडीत जायचं. बोडी म्हणजे लहान तलाव. बोडीच्या पलीकडच्या काठाला ढिवरांची वस्ती. त्यांच्या मच्छीमार सोसायटीकडे बोडी होती आणि लग्नसराईत राणी कलरच्या साड्यांची ऑर्डर आली की त्यांची मासोळी गुलाबी पाण्यात पोहायची. शेवटी सोसायटीचे अध्यक्ष दशरथभाऊ यांनी अर्ज टाकला. प्रदूषण मंडळाचे साहेब येऊन बघून गेले आणि नोटीस आली. अमुक तारखेपर्यंत बाहेर पडणारं पाणी बिनरंगाचं झालं नाही, तर शेडला कुलूप. आठ घरांचं पोट त्या एका शेडवर होतं.

इथं माझा प्रवेश. नागपूरच्या एका प्रोफेसरांचा प्रोजेक्ट होता, मी त्यात भंडाऱ्याची माणूस. प्रोफेसरांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, मीही म्हणते. आम्ही एक पावडर बनवली होती, नाव 'मॅग्नेटिक कार्बन कॉम्पोझिट'. नाव मोठं आहे, काम साधं आहे. धानाचं तूस झाकणबंद ड्रममध्ये जाळलं की कोळसा मिळतो. या कोळशाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं असतात. रंग त्यांत जाऊन बसतो. अडचण पुढे येते. ही बारीक काळी पावडर पाण्यातून परत काढायची कशी? कापडाने गाळायला जावं तर कापड बुजतं. म्हणून आम्ही त्याच भोकांमध्ये लोखंडाचं बारीक काळं ऑक्साइड बसवलं. आता पाण्यात चुंबक फिरवला की पावडर स्वतःहून त्याला येऊन चिकटते आणि मागे स्वच्छ पाणी राहतं.

चुंबकही घरचाच. राइस मिलमध्ये धान आत जाताना त्यातले खिळे आणि नटबोल्ट पकडायला चुंबकाची लांब पट्टी लावलेली असते. तुमसरच्या एका मिलमधून अशी जुनी पट्टी मी मागून आणली. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात फिरवायची. पावडर पिशवीला चिकटते. बाहेर आणून पिशवीतून पट्टी ओढून घेतली की पावडर खाली पडते.

पहिल्या दिवशी हे सगळं मी शेडमध्ये करून दाखवलं. बाया आधी लांब उभ्या होत्या. काळी पावडर बघून त्यांना ते काहीतरी जहरी वाटत होतं. मी पंचवीस वर्षं शिकवलेली बाई, समजावून सांगायची हौस दांडगी. चिमूटभर पावडर बोटांवर घासून दाखवत मी म्हटलं, "घाबरू नका. आपल्या चुलीतल्या राखुंडीची कॉलेजात शिकलेली बहीण समजा. धानाचीच आहे."

बाया हसल्या आणि जवळ आल्या. मीही स्वतःवर खूश झाले.

पद्धत अशी ठरली. नव्या पावडरचा एक डबा, वापरून वाळवलेल्या पावडरचा दुसरा. नव्या डब्यातून जेवढी जाते तेवढी, थोडा इकडे-तिकडे फरक सोडून, वापरलेल्या डब्यात दिसली पाहिजे. याला आम्ही मास बॅलन्स म्हणतो. गेलं किती, आलं किती, एवढंच ते. आणि तेच जुळत नव्हतं. नवा डबा भराभर उतरत होता, वापरलेला त्या मानाने भरत नव्हता.

याचा अर्थ एकच निघत होता. चुंबक सगळी पावडर पकडत नाही आणि उरलेली पाण्याबरोबर बोडीत जाते. म्हणजे आम्ही गुलाबी पाणी काळं करत होतो.

मी काय काय करून पाहिलं नाही! बोडीचं पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं, त्यात लोखंड शोधलं. नेहमीपेक्षा जास्त काही नव्हतं. नालीच्या तोंडाशी पांढरं फडकं बांधलं. ते गुलाबीही झालं नाही आणि काळंही नाही. मग वाटलं, वाळवताना वारा उडवत असेल. परातीवर जाळी घातली. एक बकरी शेडच्या आसपास घुटमळायची, तिच्यावरही माझा दोन दिवस संशय होता.

सरांना फोन केला.

"मटेरियल अनस्टेबल आहे," सर म्हणाले. "लोखंड सुटून जातंय. ट्रायल थांबवा."

"सर, पाण्यात लोखंड नाही."

"मग कुठं आहे?"

"तेच कळत नाही."

"मॅडम, मॅटर नाहीसं होत नाही. हे तुम्ही फर्स्ट इयरला शिकवता."

"शिकवते, सर."

"पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे. कारण सापडलं नाही, तर आपण माघार घेतोय असं मंडळाला लिहून देतो."

माघार म्हणजे शेडला कुलूप. विमलबाईंना हे सांगायचा मला धीर झाला नाही. शेड बंद पडू देणार नाही असा मी त्यांना शब्द दिला होता.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून सकाळीच गावात गेले. हौद काठोकाठ भरला होता, राणी कलर, अगदी दाट. मोठी ऑर्डर नुकतीच रंगवून झालेली. नवा डबा उघडला तर तळाला जेमतेम पाव किलो. हौदाला लागते किलोभर. मी तिथंच पाटावर बसले.

बाजूला विमलबाईंचे यजमान माधवराव मागावर बसले होते. माधवराव म्हणजे खर्ऱ्याचे भक्त. सुपारी-तंबाखूचा तो ओला खर्रा सकाळपासून गालात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांचे दात काथाच्या रंगाचे होते. माझी अवस्था बघून ते म्हणाले, "मॅडम, यवढं टेन्शन कायले घेता? पानी टाकून पातळ करू ना हौद," आणि मोठ्याने हसले.

त्यांचे दात पांढरे होते.

नुसते पांढरे नाहीत, चमकत होते. मी बघतच राहिले. मग वळून शेडमध्ये पाहिलं. पलीकडे दोघी बाया सूत पिळत हसत होत्या. त्यांचेही पांढरे.

"माधवराव," मी म्हटलं, "दात कशाने घासता?"

"कायले जी?"

"सांगा."

"मंजनानं." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुमचंच त मंजन होय ते."

विमलबाई सूत ठेवून पुढे आल्या. चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नाही. "तुमीच त सांगतलं होतं, मॅडम. राखुंडीची बहीन हाये, कॉलेज शिकलेली. मी म्हनलं, आपली अडानी राखुंडी दाताचं यवढं काम करते, त शिकलेली किती करन! अन् पाहा ना, ह्याईचे दात! लग्नात बी असे नव्हते."

मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. पहिला आनंद. मटेरियल ठणठणीत होतं, चुंबक कामात चोख होता, लोखंड जागच्या जागी होतं. मग भीती.

"कोणत्या डब्यातली घेतली? वापरलेल्या डब्यातली तर नाही ना?"

विमलबाई दुखावल्या. "बाप्पा! उष्टी पावडर कोन तोंडात घालते? नव्याच डब्यातली."

म्हणून नवा डबा उतरत होता. वापरलेली पावडर उष्टी, तिला कोणी हात लावला नव्हता.

मग मी रागावले. व्यवस्थित रागावले. ही दातांसाठी नाही, दातांवरचं कवच घासून निघेल, बनवताना हिच्यात काय काय घातलेलं असतं आणि तोंडात घालण्याइतकी ती धुतलीय की नाही हे मी कधी तपासलेलंच नाही, आजपासून बंद म्हणजे बंद. बाया माना खाली घालून ऐकत होत्या. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की चूक पहिल्यांदा मी केली होती, आणि माझा आवाज आपोआप उतरला.

"किती घरांत दिली?" मी विचारलं.

"आठ घरं त आपलेच," विमलबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "मंग पाहुन्याईले. अन् तिकडं."

"तिकडं म्हणजे?"

त्यांनी बोडीपलीकडे हनुवटी उडवली. "दशरथभाऊच्या घरवालीची दाढ दुखून राहिली होती. बंधाऱ्यावर भेटली, गाल धरून रडे. मी लवंग टाकून नेऊन दिली डबीभर. मंग तिच्या जावेनं मांगतली, मंग साऱ्याईनंच मांगतली. नाही कसं म्हनू?"

ज्यांच्या अर्जावरून नोटीस आली होती, त्यांचे दात आमच्या पावडरने घासले जात होते.

नवी पावडर बनवायला आठ दिवस लागतात. वापरलेलीची भोकं आधीच रंगाने भरलेली, ती धुऊन मोकळी करायला लॅब लागते. मुदत वाढवून मिळणार नव्हती. माधवरावांची पाणी टाकून पातळ करायची सूचना मी धुडकावली. रंग तेवढाच राहतो आणि जातोही त्याच बोडीत. आता एकच वाट होती.

"विमलबाई, सगळ्यांच्या डब्या परत आणा."

तासाभरात शेडमध्ये डब्या जमा झाल्या. हॉर्लिक्सच्या बरण्या, औषधाच्या बाटल्या, कुंकवाचे करंडे. पण कोणीही पावडर नुसती ठेवली नव्हती. एकीने मीठ घातलेलं, एकीने तुरटी, एकीने लवंग आणि कापूर. एकीने कडुलिंबाचा पाला कुटून घातला होता. एका घरात साखर निघाली, कारण नातू त्याशिवाय दात घासत नव्हता.

"हे त सारं मिसळलं," विमलबाई म्हणाल्या. "आता कसं निवडाचं?"

मी बादलीत पाणी घेतलं, सगळ्या डब्या त्यात रिकाम्या केल्या आणि पिशवीतली पट्टी आत फिरवली. पावडर झेपावून पिशवीला बसली. लवंग तळाला, पाला वर तरंगत, मीठ-साखर पाण्यात विरघळलेलं. दोनदा धुतलं. लॅबमध्ये आम्ही मटेरियलची परीक्षा स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात घेतो. लवंग, कापूर, कडुलिंब आणि तुरटी एकदम टाकून परीक्षा घ्यायचं धाडस जगात कोणत्या लॅबने केलं असेल असं मला वाटत नाही. बायांनी टाळ्या वाजवल्या. मला खरंच अभिमान वाटला.

पण वाळवून काट्यावर ठेवलं तर सगळं मिळून अर्ध्या किलोच्या थोडं वर. उरलेली बोडीपलीकडे होती.

"मी नाही जात," विमलबाई म्हणाल्या. "दिलेली वस्तू परत कशी मांगू? अन् त्याईले शेड बंदच पाहिजे. ते देतीन?"

"मी येते बरोबर."

बंधाऱ्यावरून आम्ही दोघी निघालो. विमलबाईंच्या हातात रिकामी बरणी होती आणि ती त्यांनी पदराआड धरली होती. दशरथभाऊ अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. सत्तरीचा, काटक माणूस. आम्हाला बघून त्यांनी सुई थांबवली नाही.

मी सगळं सांगितलं, काही न लपवता. पावडर कशासाठी होती, कशी इथवर आली, उद्या साहेब येणार, हौद भरलाय, पावडर नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हनजे मी डबी देली त माह्याच अर्जातलं काम खराब होते," ते म्हणाले.

"तुमचा अर्ज पाण्यातल्या रंगासाठी आहे. डबी दिलीत तर रंग जाईल."

"अन् नाही देली तर शेडच जाते. रंग त तसाही जाते."

हिशेब बरोबर होता. विमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी मान वळवली.

दशरथभाऊंनी सुई जाळ्यात खोवली. "किती वर्सं झाले, पानी गुलाबी होऊन राहिलं. मी म्हनलं, येतीन कोनी, म्हनतीन, भाऊ, आमचं पानी तुमच्याकडं येऊन राहिलं, काय करावं? कोनी नाही आलं. बोडी यवढीशी, हाक मारली त ऐकू येते. तरी बी नाही आलं. तवा मी अर्ज टाकला. अर्ज टाकला तरी बी नाही आलं." ते विमलबाईंकडे वळले. "बुढीची दाढ दुखली तवा तू आली, बाई. पहिल्यांदा या अंगनात आली."

विमलबाई म्हणाल्या, "चुकलंच भाऊ आमचं."

ते उठले आणि वस्तीकडे तोंड करून त्यांनी हाक दिली. "मंजनाच्या डब्या आना वं साऱ्या!"

पलीकडच्या डब्या जवळजवळ भरलेल्याच होत्या. त्या लोकांनी नवी वस्तू म्हणून जपून वापरली होती. दशरथभाऊंच्या घरच्या मंजनात हळद होती. चुंबकाने तीही सोडवली. सगळं मिळून किलोला थोडं कमी भरलं. मी म्हटलं, चालेल. चालेल की नाही हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला जीप आली. साहेब तरुण होते, मोजकं बोलणारे. शेडपुढे दोन्ही वस्त्या जमल्या होत्या. मी पावडर हौदात टाकली, माधवरावांनी बांबूने ढवळायला घेतलं. पाणी आधी काळं झालं. एक बाई पुटपुटली, "गेलं वाटते." मी तासभर थांबायला सांगितलं होतं. तो तास मी घड्याळ न बघता काढायचा ठरवला आणि बहुधा चाळीस वेळा बघितलं. मग पट्टी फिरवली. एकदा, दोनदा, पाचदा. पिशवीवर काळे थर चढत गेले आणि हौदाचा तळ दिसायला लागला. तळाला पडलेली एक जुनी बांगडीही दिसली.

साहेबांनी बाटली भरली, उजेडात धरली. झाकण लावता लावता थांबले आणि वास घेतला.

"मॅडम, हा वास कसला?"

कापूर आणि लवंगेचा वास कोळशात एकदा शिरला की कितीही धुतलं तरी हटत नाही. मी केमिस्ट्रीचं उत्तर जुळवत होते, तेवढ्यात विमलबाई म्हणाल्या, "चांगला हाये ना पन, साहेब?"

"चांगला आहे," साहेब म्हणाले. "पण कसला आहे?"

मग मी खरं तेच सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि आपला हसू येणारा चेहरा बाटलीवरच्या लेबलात घातला. ते लिहून झाल्यावर त्यांनी अर्जदार कोण म्हणून विचारलं. दशरथभाऊ पुढे आले.

"पाणी बघितलंत. अर्ज मागे घेता का?"

"नाही जी."

विमलबाईंनी तोंडावर पदर धरला.

"अर्ज राहू द्या तुमच्या फायलीत," दशरथभाऊ म्हणाले. "रंग आला त कामी येईन. पन शेड बी राहू द्या. याईचे लेकरं काय खातीन?"

"असं दोन्ही एकदम लिहायला रकाना नसतो, काका."

"मंग खाली जागा हाये ना कोरी. तेथी लिवा."

साहेबांनी खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं.

रिपोर्ट आला तो रंगात पास. मीठ किंचित वाढलेलं दिसत होतं, मर्यादेत. शेडला कुलूप लागलं नाही. दर शनिवारी हौद सोडायच्या आधी पाणी दशरथभाऊंना दाखवायचं असं ठरलं. ते येतात, पेला भरून बघतात, विमलबाई त्यांना चहा देतात आणि दोघं मिळून दोन्ही डबे काट्यावर ठेवतात. दातांसाठी मी त्यांना साधी राखुंडी करून दिली, लोखंड न घातलेली. तशी चमक येत नाही, अशी दोन्ही काठांवरून तक्रार आहे.

त्यानंतर मास बॅलन्स कधी चुकला नाही. सरांनी तो अहवालात घातला, सुरुवातीच्या तीन आठवड्यांची घट 'हँडलिंग लॉस' म्हणून दाखवली आणि सुधारणेचं श्रेय चुंबकाच्या सुधारित वापराला दिलं. मी त्यावर सही केली. माझ्या हाताखाली नवीन कोणी काम करायला आलं की मी एवढंच सांगते की वस्तू कुठं जाते हे शोधायचं असेल, तर ती ज्यांच्या हातात दिली त्यांच्याकडे आधी बघा. मी तीन आठवडे पाण्याकडे बघत होते.